तक्रारवहीतलं शून्य

बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजाराची नियामक संस्था 'सेबी' हिने ठरवून दिलेल्या नमुन्यात एक अहवाल द्यावा लागतो. त्याला बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल, म्हणतात. वीज किती जळली, पाणी किती उपसलं, कचरा कुठे गेला, कामावर बायका किती, असं बरंच काही त्यात भरायचं असतं. भरलेल्या आकड्यांमागे खरोखर कागद आहेत का, हे तपासणं माझं काम. मीटरची रीडिंगं, टँकरच्या पावत्या, हजेरीपट यांत माझे दिवस जातात.

या अहवालाच्या सुरुवातीच्याच भागात तक्रारींचा तक्ता आहे आणि त्यातली पहिली ओळ 'समुदाय' अशी आहे. म्हणजे कारखान्याभोवतीची माणसं. वर्षात त्यांच्या किती तक्रारी आल्या, वर्षअखेर किती बाकी राहिल्या. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक अहवालांत इथे दोन्ही रकान्यांत शून्य असतं, आणि बैठकीत ते मोठ्या समाधानाने दाखवलं जातं. कंपनी आणि तिच्या शेजारी राहणारी माणसं यांच्यात विश्वास आहे का, हे त्या शून्यावरून अजिबात कळत नाही. उलट जितकं स्वच्छ शून्य, तितकी मला जास्त काळजी वाटते. असं का, ते नीट मांडायचा हा प्रयत्न.

एका कारखान्यात मी ती तक्रारवही मागितली. एचआरच्या कपाटातून निघाली. जाड पुठ्ठ्याची, आत आखलेले रकाने: अनुक्रमांक, दिनांक, तक्रारदाराचे नाव व पत्ता, तक्रारीचे स्वरूप, केलेली कार्यवाही, सही. पहिल्या पानावर वही उघडल्याची तारीख, त्याखाली सही-शिक्का. पुढची सगळी पानं कोरी. आकडा शून्य, कागदही शून्य, दोन्ही जुळले. नियमाप्रमाणे माझं काम तिथे संपलं होतं.

बाहेर पडताना फाटकावर माझी वेळ नोंदवली जात होती, तेव्हा तिथल्या वयस्कर सुरक्षारक्षकांना मी सहज विचारलं, "काका, वस्तीतल्या कुणाला काही तक्रार करायची झाली तर?"

"मला सांगतात की," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. बॉयलरच्या नळ्यांवर बसलेली काजळी वाफेच्या झोताने उडवावी लागते. सूट ब्लोइंग म्हणतात त्याला. त्या वेळी चिमणीतून नेहमीपेक्षा जास्त राख निघते आणि वारा वस्तीकडे असला की ती वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर, अंगणात बसते. बायका फाटकाशी येतात नाहीतर काकांना फोन करतात. काका बॉयलरवरच्या ओळखीच्या अटेंडंटला फोन लावतात. "आज वारा आपल्याकडं आहे, जरा पुढं ढकल." त्यालाही वस्ती माहीत असते, त्याचे नातेवाईक तिथे असतात. जमण्यासारखं असेल तर तो ते काम काही तास मागे ठेवतो.

"मग वहीत का नाही लिहीत कुणी?"

"मॅडम, वही आत आहे. आत यायला पास लागतो. पासावर नाव येतं. जिचा पोरगा आत कंत्राटदाराकडं लागलाय, ती नाव कशाला लिहील?"

या एका उत्तरात दोन गोष्टी होत्या आणि त्या वेगळ्या करून दाखवणं अवघड आहे. ओळखीच्या माणसांच्या भरवशावर एक व्यवस्था चालली होती. ती कुठल्याही हेल्पलाइनपेक्षा वेगवान होती. वाऱ्याची दिशा, राखेची वेळ, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे सगळं त्या फोनमध्ये येत होतं. आणि त्याच ओळखीमुळे तोंडही बंद होतं. मुलगा आत कामाला, पुतण्याची गाडी कंपनीत लागलेली, वसाहतीतला दवाखाना कंपनीचा. जवळीक जशी मदतीला धावते तशी दबावही टाकते. स्थानिक नात्यांबद्दल बोलताना आपण पहिली बाजू कौतुकाने सांगतो आणि दुसरी सोडून देतो.

माझ्या निरीक्षणांत मी ही गोष्ट लिहिली: तक्रारी येतात, पण ज्या वाटेने येतात तिची नोंद होत नाही. कंपनीने मनावर घेतलं. फाटकावरच एक साधी वही ठेवली, नाव लिहिण्याची सक्ती काढली, फोनवर आलेली तक्रार काकांनीच टिपायची असं ठरवलं. पुढच्या वर्षी तक्त्यातलं शून्य गेलं आणि मुख्यालयात घबराट उडाली. कंपन्यांच्या सामाजिक-पर्यावरणीय कामगिरीचं गुणांकन करणारी संस्था विचारणार, तक्रारी वाढल्या कशा? कामगिरी घसरली का? माझ्या मते त्या कारखान्याचं ते सर्वांत चांगलं वर्ष होतं. राख आधीही पडत होती. आता ती कागदावर आली होती आणि राख गाळणाऱ्या यंत्रणेच्या दुरुस्तीचा जो खर्च बरीच वर्षं लांबणीवर पडत होता, त्यामागे पहिल्यांदा एक कारण लिहिलेलं होतं. काकांच्या फोनने राख काही तास पुढे जायची, कमी होत नव्हती. वहीतल्या नोंदींनी अर्थसंकल्पातली एक ओळ हलवली.

तोंड बंद ठेवणारी जवळीक कुठवर जाऊ शकते, हे पाहायचं तर जपानमधल्या मिनामाताकडे पाहावं लागतं. प्रदूषणाची कहाणी म्हणून ती सर्वांना ठाऊक असते. मला ती शेजारधर्माची कहाणी वाटते.

चिस्सो या रसायन कंपनीचा कारखाना तिथे १९०८ पासून. गाव कारखान्याभोवतीच वाढलं. नगराच्या करांचा मोठा वाटा कंपनीकडून येई, कंपनीत नोकरी लागणं म्हणजे घराची प्रतिष्ठा. १९३२ पासून तिथे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनू लागलं आणि त्या रसायनाच्या सांडपाण्याबरोबर मिथाइल पारा हे पाऱ्याचं विषारी रूप खाडीत आणि मासळीतून माणसांत जाऊ लागलं. १ मे १९५६ रोजी एका अज्ञात मेंदूविकाराची पहिली अधिकृत खबर आरोग्य खात्याला दिली ती कंपनीच्याच रुग्णालयाच्या प्रमुखांनी, डॉ. हाजिमे होसोकावा यांनी. त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. १९५९ मध्ये त्या कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून दिलेल्या एका मांजराला तीच लक्षणं दिसली. ते मांजर पुढे '४०० नंबरचं मांजर' म्हणून प्रसिद्ध झालं. कंपनीने प्रयोग थांबवायला लावले आणि निष्कर्ष दडपले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संतापलेले कोळी कारखान्यात घुसले. त्यानंतर सांडपाणी बंद करू नका असं सांगायला जे शिष्टमंडळ कुमामोतो प्रांताच्या राज्यपालांकडे गेलं, त्यात नगराध्यक्ष होते, नगरपरिषद होती आणि कामगार संघटनाही होती. कारखाना बंद पडला तर गाव कसं जगणार, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते कुणी वाईट लोक नव्हते. डिसेंबरमध्ये रुग्णांबरोबर 'सांत्वन रकमे'चा करार झाला. पुढे सांडपाणी हेच कारण ठरलं तरी आणखी काही मागणार नाही, असं त्यात लिहून घेतलं होतं. गावातल्या गावात गोष्ट मिटवली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे शांतता दिसली असती. तेव्हा बीआरएसआर असता तर 'प्रलंबित तक्रारी' या रकान्यात त्या वर्षअखेरीस बहुधा शून्यच आलं असतं.

सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीतल्या एका कामगार संघटनेने जाहीर ठराव केला, आम्ही आजवर रुग्णांच्या बाजूने लढलो नाही याची आम्हाला लाज वाटते. १९७० मध्ये डॉ. होसोकावांनी रुग्णशय्येवरून साक्ष दिली, त्यात मांजराच्या प्रयोगाची हकीगत आली. त्याच वर्षी ते गेले. १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं आणि १९५९ चा करार लोकनीतीविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला. तोवर गावातली नाती पार तुटली होती. रुग्णांच्या घरांशी लोक सोयरीक करत नव्हते, भरपाई घेणाऱ्यांकडे संशयाने पाहिलं जात होतं. नगराध्यक्षांनी रुग्णांची जाहीर माफी मागितली ती १९९४ साली. म्हणजे पहिल्या खबरीनंतर ३८ वर्षांनी.

यावरून कुणी म्हणेल, मग स्थानिक नाती नकोतच, सगळं नियमांनी आणि दूरवरच्या तज्ज्ञांनी चालवा. तेही पाहून झालेलं आहे.

२४ मे २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी जुकन घळीतल्या दोन प्राचीन गुहा सुरुंगाने उडवल्या. ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराच्या खुणा तिथे होत्या. २०१४ च्या उत्खननात माणसांच्या केसांच्या वेणीचा ४,००० वर्षांपूर्वीचा एक तुकडा सापडला होता आणि त्याचा डीएनए त्या भूमीच्या आजच्या धन्यांशी, पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी, जुळला होता. कंपनीने कायदा मोडला नव्हता. २०१३ मध्ये मंत्र्याची परवानगी मिळालेली होती. मूळनिवासींशी संबंध ठेवण्यात ही कंपनी आघाडीवर आहे, असा तिचा लौकिक होता. करार होते, धोरणं होती, विभाग होता. संसदीय चौकशीत पुढे आलं की खाणीच्या विस्ताराचे चार पर्याय कंपनीसमोर होते आणि त्यांपैकी तिघांत गुहा वाचत होत्या. त्या लोकांना हे पर्याय सांगितलेच गेले नव्हते.

ऑगस्टमध्ये संचालक मंडळाने मोठ्या अधिकाऱ्यांचे बोनस कापले आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. गुंतवणूकदारांना तेवढ्याने समाधान झालं नाही. सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी ज्यां-सेबास्टियन जाक आणि आणखी दोन वरिष्ठ पायउतार होणार असं जाहीर झालं. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अंतराची गोष्ट. त्या घळीत जाऊन बसलेला, तिथल्या वृद्धांना नावाने ओळखणारा माणूस आणि सुरुंगाचा निर्णय यांच्यामध्ये इतके थर होते की माहिती वर जाता जाता निव्वळ 'परवानगी प्राप्त' एवढीच उरली. आपल्याकडच्या गटग्रामपंचायतीतल्या कुणालाही विचारा, मुख्यालयाला पाठवलेलं पत्र वर जाता जाता कसं सपाट होतं ते तो सांगेल.

मिनामातात नाती होती पण 'नाही' म्हणायची सोय नव्हती. जुकनमध्ये कागदावर सगळी सोय होती, पण ऐकणारं ओळखीचं माणूस निर्णयाच्या खुर्चीजवळ नव्हतं. मला जे म्हणायचं आहे ते या दोहोंच्या मध्ये आहे. शेजाऱ्याने कंपनीला 'नाही' म्हटलं तर त्याचं काही बिघडत नाही, आणि ते 'नाही' ज्याला काम थांबवण्याचा अधिकार आहे त्याच्या कानापर्यंत जातं, एवढं असेल तर विश्वास धरतो. बाकी शाळेच्या भिंती रंगवल्या, झाडं लावली, आरोग्य शिबिरं घेतली, हे चांगलंच आहे, पण ते या दोन गोष्टींच्या जागी बसू शकत नाही.

आपल्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये हे मला नेहमी दिसतं. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि ती खर्चताना कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. चांगली ओळ आहे ती. पण दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम, म्हणजे उदाहरणार्थ चिमणीवरची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा नीट ठेवणं, या खर्चात मोजता येत नाही. ते योग्यही आहे. मात्र त्यामुळे कंपन्यांत दोन वेगळी दालनं तयार होतात. एका दालनातली माणसं गावात जाऊन हसून बोलतात, त्यांच्याकडे पैसा आहे पण चिमणीवर अधिकार नाही. दुसऱ्या दालनातल्यांकडे चिमणी आहे पण ते गावात जात नाहीत. गावकरी पहिल्यांना राखेबद्दल सांगतात आणि त्यांना वॉटर कूलर मिळतो. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता दोन्ही दालनांच्या प्रमुखांना मी एकत्रच बसवून प्रश्न विचारते.

बोलण्याची रीत हाही मोठा भाग आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते: किमान ३० दिवसांची सूचना, प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष, सगळं चित्रीकरणासह. कागदावर उत्तम. पण मांडव, मंच, माइक, पोलीस आणि कॅमेरा यांच्यासमोर उभं राहून कोण बोलतं? ज्याला सभेत बोलायची सवय आहे तो. पाणी भरणारी, राख झाडणारी बाई तिथे मागच्या रांगेत असते, आणि सासऱ्यांसमोर माइक हातात घेणं तिच्यासाठी सोपं नसतं. तिचं म्हणणं इतिवृत्तात येत नाही, म्हणून ते नव्हतंच असं धरलं जातं.

याउलट उदाहरण नियमगिरीचं. ओडिशातल्या या डोंगरातल्या बॉक्साइटवर भिस्त ठेवून वेदांताने पायथ्याशी लांजिगढला शुद्धीकरण कारखाना आधीच उभारला होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, खाणीमुळे तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांवर परिणाम होतो का, हे ग्रामसभांनी ठरवावं. जुलै-ऑगस्टमध्ये १२ गावांत ग्रामसभा झाल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत, लोकांच्या स्वतःच्या जागेत. बाराही सभांनी नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरण मंत्रालयानेही परवानगी नाकारली. उद्योगजगतात याकडे पराभव म्हणून पाहिलं गेलं. मला वाटतं, खरी चूक क्रमाची होती. कारखाना आधी बांधून प्रश्न नंतर विचारला गेला. तोच प्रश्न पाया खणण्याआधी विचारला असता तर उत्तर तेच आलं असतं, फक्त फार स्वस्तात आलं असतं.

स्थानिक विश्वासाला कुंपणही असतं, हे स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या मोंद्रागोनवरून दिसतं. १९५६ मध्ये होसे मारिया अरिस्मेंदिअरिएता या धर्मगुरूच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या कामगार सहकारी संस्थांचं मला मनापासून कौतुक आहे. २०१३ मध्ये त्यांच्यातली फागोर ही घरगुती उपकरणांची कंपनी बुडाली, तेव्हा सभासद कामगारांपैकी बहुतेकांना इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतलं किंवा लवकर निवृत्तीची सोय करून दिली. पण फागोरचा पोलंडमध्येही कारखाना होता. तिथले कामगार सभासद नव्हते, पगारी नोकर होते, आणि ही सोय त्यांच्यासाठी नव्हती. ज्या खोऱ्यात नातं रुजलं तिथे ते घट्ट, खोऱ्याबाहेर नेहमीचा मालक-नोकर व्यवहार. ज्या कंपन्या मूळ गावात देवासारख्या पुजल्या जातात, त्यांच्या दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला भेट देण्याचा आग्रह मी याचसाठी धरते.

विश्वासाचा फायदा ताळेबंदात दिसतो का, असं वित्त विभागातले लोक हमखास विचारतात. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, सामाजिक जबाबदारीचं गुणांकन आधीपासून चांगलं असलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या शेअर्सचा २००८-०९ च्या आर्थिक संकटातला परतावा इतरांपेक्षा ४ ते ७ टक्के-अंकांनी जास्त दिसला. मी तो आवर्जून सांगते, कारण त्यांना आकडा लागतो. पण असली गुणांकनं कंपनीने स्वतः दिलेल्या माहितीवरही उभी असतात हे मला माहीत आहे, त्यामुळे माझा स्वतःचा भरवसा त्यावर नाही.

हल्ली मी तक्त्याला हात लावण्याआधी काही प्रश्न विचारते. कारखान्याचा प्रमुख किती वर्षांनी बदलतो? दर दोन-तीन वर्षांनी बदली होत असेल तर गावाशी झालेलं बोलणं कुणाच्या डोक्यात राहतं? रात्री वाऱ्याची दिशा पाहून बॉयलरवरचं काम थांबवायचा अधिकार पाळीवरच्या माणसाला आहे का, आणि त्याने तो वापरला तर दुसऱ्या दिवशी उत्पादन कमी पडल्याबद्दल त्याची झाडाझडती होते का? गेल्या वर्षी वस्तीच्या सांगण्यावरून कंपनीने कुठली गोष्ट रद्द केली? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी लांब शांतता मिळते. काही ठिकाणी मात्र लगेच उत्तर येतं: अमुक रस्त्याने ट्रक नेणार होतो, शाळेच्या वेळेत नेत नाही, अमुक ठिकाणी बोअर घेणार होतो, विहीर आटेल म्हणाले, सोडून दिली. असं उत्तर आलं की मी ते कोणत्या तारखेला ठरलं, कुणी ठरवलं, कुणी मागितलं होतं, हे लिहून घेते आणि त्याचा कागद मागते. नमुन्यात यासाठी रकाना नाही. जोवर तो येत नाही तोवर मी हे परिशिष्टात जोडणार आहे, आणि माझ्यासारखं काम करणाऱ्या प्रत्येकाने जोडावं अशी माझी विनंती आहे.